बीपीचं मूळ किडनीच्या डोक्यावर

"मूठ आवळू नका, ताई. हात सैल सोडा."

रक्त द्यायला बसलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, कारण आजवर जिथे जिथे रक्त दिलं तिथे मूठ घट्ट धरायलाच सांगितलेलं असतं. मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं रक्त घेते. थायरॉइड, कोलेस्टेरॉल असल्या तपासण्यांना मूठ धरली काय, न धरली काय, फारसं बिघडत नाही. पोटॅशियमचं तसं नाही. दंडाला पट्टा आवळून माणसाने चार-सहा वेळा मूठ उघडझाप केली की हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि नळीतला आकडा खऱ्यापेक्षा वर चढतो. अंगात ३.२ असलेलं पोटॅशियम कागदावर ३.८ होऊन येतं. ३.५ च्या वर म्हणजे नॉर्मल. मग रिपोर्टवर तो आकडा ठळक उमटत नाही, डॉक्टर पान उलटतात, आणि वर्षानुवर्षं अंगात लपलेला एक आजार आणखी काही वर्षं लपून राहतो.

बीपी चढवणाऱ्या त्या आजाराबद्दल, आणि तो ज्यांनी शोधला त्या डॉक्टरांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

काळाचौकीच्या एक ताई आमच्याकडे येतात. वय ३८. पहाटे उठून पोळीभाजीचे डबे करतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर, ३१व्या वर्षी त्यांना बीपी निघालं. आधी एक गोळी, मग दोन, मग तीन. तरी बीपी १६०/१०० च्या आसपास. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, तीन-तीनदा लघवीला उठावं लागायचं. आणि सकाळी पोळ्या लाटता लाटता हातातून लाटणं सुटायचं. हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. लाटणं सुटण्याचा बीपीशी काय संबंध, असं त्यांना वाटायचं. मला त्यांनी सांगितलं, कारण मी शीर शोधत होते आणि हाताचा विषय निघाला.

सात वर्षांत त्यांना काय काय ऐकावं लागलं! टेन्शन फार घेता. लोणचं-पापड बंद करा. आईलाही बीपी होतं ना, मग तुम्हालाही असणारच. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं म्हणजे, "तुम्ही गोळ्या वेळेवर घेत नसणार." ताई मोबाइलला गजर लावून गोळ्या घेत होत्या. बीपी उतरत नाही म्हणजे चूक पेशंटचीच, ही सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ती मोडावी म्हणून हा सगळा खटाटोप.

तर, दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात ॲड्रिनल. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आकार लहान असला तरी या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्या आणि त्यांच्या बदली औषधं दिली नाहीत, तर माणूस जगत नाही. ग्रंथीच्या आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन तयार होतं. बाहेरच्या जाड सालीचे तीन थर असतात. सगळ्यात वरच्या पातळ थरात अल्डोस्टेरॉन, मधल्या थरात कॉर्टिसॉल आणि खालच्या थरात लैंगिक हॉर्मोन्सचा कच्चा माल बनतो. आपली गोष्ट मुख्यत्वे त्या वरच्या पातळ थराची आहे.

अल्डोस्टेरॉनचं काम एका शब्दात सांगायचं तर मीठ राखणं. आपल्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यासोबत जवळजवळ दीड किलो मीठ गाळलं जातं. यातलं बहुतेक सगळं वाटेतच परत रक्तात ओढून घेतलं जातं. अगदी शेवटच्या टप्प्यावर दोन-तीन टक्के उरतात, त्यांचं काय करायचं हे अल्डोस्टेरॉन ठरवतं. दोन-तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दीड किलोचे दोन-तीन टक्के म्हणजे ३० ते ४५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे या हॉर्मोनच्या हातात आपल्या ताटातल्या मिठाच्या कितीतरी पट मीठ असतं.

मीठ आत आलं की त्याच्या मागोमाग पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं, बीपी चढतं. आणि सोडियम आत घेताना त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडलं जातं. पोटॅशियम घटलं की स्नायू दुबळे होतात, गोळे येतात, लघवी जास्त होते. लाटणं सुटतं ते यामुळे.

पण हे अल्डोस्टेरॉन कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं, हे कोण सांगतं? मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला हे चटकन समजेल. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी झालं की वॉचमन पंप चालू करतो, टाकी भरली की बंद करतो. शरीरात वॉचमनचं काम किडनी करते. बीपी किंवा मीठ कमी झालं की किडनी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते ॲड्रिनलला हाक देतं, ॲड्रिनल अल्डोस्टेरॉन सोडते. मीठ-पाणी परत येतं, दाब सावरतो, रेनिन थांबतं. पंप बंद.

आता समजा टाकी काठोकाठ भरलेली आहे, वॉचमनने बटण कधीच बंद केलंय, आणि पंप तरी चालूच आहे. पाणी गच्चीवरून खाली वाहतंय. रेनिन जवळजवळ शून्यावर, आणि तरी अल्डोस्टेरॉन भरपूर. या आजाराचं नाव प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम. जुने डॉक्टर अजूनही याला 'कॉन सिंड्रोम' म्हणतात, डॉ. जेरोम कॉन यांच्या नावावरून.

कॉन यांचा जन्म १९०७ चा, न्यूयॉर्कचा. डॉक्टरकीचं शिक्षण आणि सगळी कारकीर्द मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर या गावी. व्हायचं होतं सर्जन, पण वळले मेडिसिनकडे आणि शरीरातल्या देवाणघेवाणीचे हिशेब मांडण्यात रमले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करापुढे एक व्यवहारी प्रश्न उभा होता. पॅसिफिकच्या दमट, उष्ण बेटांवर लढणारे सैनिक घामाने बेजार होत होते. अशा हवेत शरीर कसं सरावतं? कॉन यांनी या प्रश्नाच्या निमित्ताने घाम मोजायला सुरुवात केली.

त्यांना जे दिसलं ते ऑक्टोबरात दादरच्या पुलावर घामाघूम झालेल्या कुणालाही जवळचं वाटेल. दमट उष्णतेत पहिले काही दिवस घामातून खूप मीठ जातं. मग घाम तेवढाच येत राहतो, पण त्यातलं मीठ झपाट्याने कमी होतं. लघवीतलंही कमी होतं, लाळेतलंही. म्हणजे शरीर सगळ्या दारांवर एकदमच मीठ अडवायला लागतं. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एकच हुकूम पोहोचतोय, तर तो रक्तातून जाणारा हॉर्मोनच असणार, आणि तो ॲड्रिनलच्या सालीतून येत असणार, असा तर्क कॉन यांनी बांधला. त्या वेळी अल्डोस्टेरॉन कुणाला माहीतसुद्धा नव्हतं.

ते सापडलं १९५३ च्या सुमारास, लंडनमध्ये. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या दोघांनी गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या अर्कात मीठ राखणारा एक नवा, अतिशय जोरकस पदार्थ ओळखला. स्वित्झर्लंडच्या टाडेउस राइखस्टाइन यांच्या चमूसोबत तो शुद्ध रूपात वेगळा केला. शेकडो किलो ग्रंथींमधून हाती लागले ते काही मिलिग्राम स्फटिक. हॉर्मोन रक्तात किती कमी प्रमाणात असतं आणि तेवढ्यानेच किती मोठं काम होतं, याचा अंदाज यावरून येतो. माझ्यासारख्या नळ्या हाताळणाऱ्या बाईला सिल्व्हिया सिम्पसन यांचं फार अप्रूप वाटतं. त्या काळच्या उपकरणांवर, कागदावर रसायनांचे ठिपके पसरवून त्यांनी हे काम केलं.

१९५४ च्या वसंतात कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षं तिला अधूनमधून स्नायूंची कमजोरी यायची, कधी कधी पाय अक्षरशः लुळे पडायचे, हातांना पेटके यायचे. बीपी वाढलेलं. पोटॅशियम भयंकर कमी. कॉन यांनी तिला आपल्या चयापचयाच्या वॉर्डात ठेवून कित्येक महिने अभ्यासलं. काय खाल्लं, काय बाहेर पडलं, सगळं मोजलं. आणि त्यांच्या जुन्या सवयीने तिचा घामही तपासला. घामात मीठ अत्यंत कमी होतं, अगदी दमट हवेला सरावलेल्या सैनिकांसारखं. पण ही बाई तर थंड मिशिगनमध्ये राहणारी! तिच्या शरीराला मीठ अडवण्याचा हुकूम मिळत होता आणि तो देण्याचं बाहेर काहीच कारण नव्हतं. लघवीतही मीठ राखणाऱ्या हॉर्मोनचं प्रमाण कितीतरी पट जास्त निघालं.

२९ ऑक्टोबर १९५४ रोजी एका वैद्यकीय संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात कॉन यांनी हा नवा आजार जाहीर केला, तेव्हा त्या बाईचं ऑपरेशन झालेलंही नव्हतं. निदान पूर्णपणे हिशेबावर उभं होतं. दोन्ही ॲड्रिनल काढायच्या असं ठरलेलं. डिसेंबरात सर्जन विल्यम बाउम यांनी पोट उघडलं, तर उजव्या ॲड्रिनलमध्ये चार सेंटिमीटरची गाठ दिसली. तेवढीच काढली. तिचं पोटॅशियम सुधारलं, बीपीही उतरलं. घामाच्या थेंबापासून निघालेली वाट बरोबर त्या गाठीशी येऊन थांबली होती. हे वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

इथे आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं. पोलंडचे डॉक्टर मिखाऊ लितिन्स्की यांनी १९५३ मध्येच ॲड्रिनलच्या सालीतल्या गाठींमुळे बीपी वाढलेले पेशंट नोंदवले होते. त्यांनी लिहिलं पोलिश भाषेत, त्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी हे आठवणीत ठेवण्यासारखं आहे.

कॉन यांनी पुढे १९६० च्या दशकात सांगितलं की बीपीच्या पेशंटांपैकी २० टक्क्यांपर्यंत लोकांना हा आजार असू शकतो. फार थोड्यांना ते पटलं. नंतरची कित्येक वर्षं पुस्तकांत 'एक टक्क्याहून कमी' असं छापून येत राहिलं. कारण डॉक्टर फक्त अशाच पेशंटांत आजार शोधत होते ज्यांचं पोटॅशियम कमी होतं. आणि या आजारात बहुसंख्य पेशंटांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं. ज्याला शोधलं नाही ते दुर्मीळच वाटणार.

हे चित्र पालटलं एका साध्या भागाकाराने. १९८१ मध्ये जपानच्या हिरामात्सु आणि सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून बघायची कल्पना मांडली. पंप किती जोरात चाललाय आणि वॉचमनने किती हाका दिल्यात, दोन्ही एकत्र बघायचं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रिचर्ड गॉर्डन यांच्या गटाने हे गुणोत्तर सरसकट बीपीच्या पेशंटांत तपासलं, आणि पोटॅशियम अगदी व्यवस्थित असलेले कितीतरी पेशंट सापडायला लागले. आज साधारण असं मानतात की सर्वसाधारण बीपीच्या पेशंटांत ५ ते १० टक्के, आणि तीन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत सुमारे २० टक्के लोकांना हा आजार असतो. कॉन यांचा आकडा तितकासा चुकलेला नव्हता. ते १९९४ मध्ये गेले.

आता एक प्रश्न हमखास येतो. बीपी कशामुळे का असेना, गोळ्यांनी उतरवलं की झालं ना? नाही झालं. अल्डोस्टेरॉन फक्त किडनीवर काम करत नाही. हृदयाच्या स्नायूंवर, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही त्याचे परिणाम होतात. तिथे सूज येते, तंतू वाढतात, लवचिकपणा जातो. फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या पेशंटांची तुलना तितकंच बीपी असलेल्या साध्या बीपीच्या पेशंटांशी केली. पक्षाघात १२.९ टक्के विरुद्ध ३.४ टक्के. हृदयाची लय बिघडणारा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार ७.३ टक्के विरुद्ध ०.६ टक्के. बीपीचा आकडा दोन्हीकडे सारखाच होता, हे इथे महत्त्वाचं.

आणि एवढं असून तपासणी होते किती जणांची? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये गोळ्यांना न जुमानणारं बीपी असलेल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांची ही तपासणी झाली असे निघाले १.६ टक्के. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. दर तीन माणसांमागे एक. यातले किती जण चुकीच्या गोळ्या खात असतील, याचा विचार मी लोकलच्या डब्यात उभी असताना करते.

२०२५ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. आता त्यांचा सल्ला आहे की बीपी असलेल्या प्रत्येकाची एकदा तरी ही तपासणी व्हावी. पूर्वी निवडक लोकांचीच करायला सांगायचे. सगळ्यांची होईल तेव्हा होईल. पण बीपी तीन औषधांनीही आटोक्यात नसेल, पोटॅशियम कमी असेल, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये ॲड्रिनलवर गाठ दिसली असेल, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, किंवा घरात कुणाला चाळिशीच्या आत बीपी किंवा पक्षाघात झाला असेल, तर आपल्या डॉक्टरांना आजच विचारा, "माझं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन बघायचं का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

तपासणीबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगते. रक्त सकाळी द्यायचं, पण अंथरुणातून उठून थेट नाही. उठून साधारण दोन तास हिंडून-फिरून झालेले असावेत, मग लॅबमध्ये पाच-दहा मिनिटं शांत बसायचं आणि बसूनच रक्त द्यायचं. तपासणी आहे म्हणून आधीचे आठ दिवस मीठ सोडायचं नाही, कारण मीठ कमी झालं की रेनिन वर येतं आणि आजार झाकला जातो. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढतात, कारण कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन स्वतःच खाली येतं. काही बीपीच्या गोळ्याही आकडे हलवतात. स्पायरोनोलॅक्टोन चार आठवडे थांबवावी लागू शकते. पण कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बऱ्याचदा डॉक्टर पहिल्या फेरीत गोळ्या चालू ठेवूनच तपासतात आणि कोणत्या गोळीने काय बदलतं ते लक्षात घेऊन आकडे वाचतात.

आणि बर्फ. आमच्या धंद्यात नमुना म्हटला की आइसबॉक्स, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रेनिनच्या बाबतीत तेच चुकतं. रक्तात रेनिनचं एक सुप्त रूप मोठ्या प्रमाणात असतं. नमुना बर्फावर ठेवला की थंडीने ते सुप्त रूप जागं होतं आणि रेनिन खोटं वाढतं. मग भागाकार लहान येतो आणि पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी जातो. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींखेरीजचा पातळ भाग, वेगळा करेपर्यंत नळी साध्या तापमानाला ठेवायची आणि वेगळा केल्यावर मात्र तो झटकन गोठवायचा. काळाचौकीच्या ताईंचा पहिला नमुना दुसऱ्या एका कलेक्शन सेंटरवर घेतला होता. बाइकवरचा मुलगा तो इमानदारीने बर्फात ठेवून घेऊन गेला. रिपोर्ट नॉर्मल आला. नव्या फिजिशियन मॅडमना तो पटला नाही. त्यांनी ताईंना विचारलं, "नळी कशात ठेवली होती, आठवतंय?" ताईंना आठवत होतं, त्यांनी बर्फ बघितला होता. असा प्रश्न विचारणारी डॉक्टर भेटणं हे त्यांचं नशीब. दुसऱ्यांदा नमुना आमच्याकडे घेतला. रेनिन मोजताच येणार नाही इतकं कमी, अल्डोस्टेरॉन चढलेलं.

भागाकार मोठा आला म्हणजे निदान पक्कं झालं असं लगेच म्हणत नाहीत. बहुतेकदा आणखी एक कसोटी घेतात. चार तासांत शिरेतून दोन लिटर सलाइन देतात. निरोगी माणसात एवढं मीठ आत गेल्यावर अल्डोस्टेरॉन खाली बसतं. यांच्यात बसत नाही.

मग प्रश्न उरतो, दोष एका बाजूच्या ग्रंथीत आहे की दोन्ही? एका बाजूला असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढता येते. दोन्ही बाजूंना असेल तर औषधं. सीटी स्कॅन काढतात, पण स्कॅनवर विसंबून राहता येत नाही. वय वाढतं तशा ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी येतात, ज्या काहीच बनवत नाहीत. डावीकडे गाठ दिसते आणि हॉर्मोन उजवीकडून ओसंडत असतं, असंही होतं. खात्रीचा मार्ग म्हणजे दोन्ही ॲड्रिनलमधून बाहेर पडणाऱ्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं घेणं. जांघेतून बारीक नळी वर सरकवतात. डावी शीर त्या मानाने सापडते. उजवी शीर जेमतेम काही मिलिमीटर लांब असते आणि थेट महाशिरेत उघडते. तिच्यात नळी घालणं हे हाताचं कसब आहे. नळी खरंच योग्य जागी होती का, हे पडताळायला प्रत्येक नमुन्यात कॉर्टिसॉलही मोजतात. मुंबईत मोजक्या मोठ्या रुग्णालयांत हे होतं. त्या दिवशी लॅबमध्ये वेगळीच शांतता असते. डावी, उजवी, खालची महाशीर, अशी लेबलं दोघं मिळून लावतात आणि मोठ्याने वाचतात. दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर धडधाकट ग्रंथी काढली जाईल.

एका बाजूची ग्रंथी काढल्यावर किती फायदा होतो, याबद्दल २०१७ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉर्मोनचा दोष पूर्ण बरा झाला ९४ टक्के लोकांत. बीपीच्या सगळ्या गोळ्या सुटून बीपी नॉर्मल राहिलं ३७ टक्के लोकांत, आणि आणखी ४७ टक्के लोकांना काही अंशी फायदा झाला. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाने रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, त्या ऑपरेशनने मऊ होत नाहीत. म्हणून लवकर पकडणं महत्त्वाचं.

दोन्ही बाजूंच्या आजारावर स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी गोळी आहे, १९६० च्या आसपास बाजारात आलेली. अल्डोस्टेरॉन पेशीत ज्या कुलपात किल्ली घालतं, त्या कुलपात ही आधीच जाऊन बसते. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत, हट्टी बीपीला चौथी गोळी म्हणून हीच सगळ्यात सरस ठरली. पुरुषांचे स्तन दुखतात, वाढतात, हा तिचा त्रासदायक दोष. त्यांना एप्लेरेनोन देतात. पोटॅशियम आता उलट वाढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. अल्डोस्टेरॉन बनूच न देणारी नवी औषधंही येऊ घातली आहेत. बॅक्सड्रोस्टॅट हे त्यातलं एक, त्याच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले आणि ते आशा वाढवणारे आहेत.

गाठ होते कशामुळे, याचंही उत्तर काही प्रमाणात मिळालं आहे. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाला अशा बऱ्याच गाठींमध्ये एकाच जनुकात बिघाड दिसला. पेशीच्या भिंतीत फक्त पोटॅशियमला वाट देणारं एक दार असतं. या बिघाडाने त्या दारातून सोडियमही आत घुसायला लागतं, आणि पेशी न बोलावता अल्डोस्टेरॉन बनवत सुटते.

ॲड्रिनलचे आणखी दोन हॉर्मोनही बीपी चढवतात. गाभ्यातल्या गाठीतून ॲड्रिनलिनच्या जातीची रसायनं सुटली तर अचानक धडधड, डोकं ठणकणं, घामाच्या धारा आणि आभाळाला भिडणारं बीपी, असे झटके येतात. हा आजार विरळा आहे, पण न ओळखता भूल दिली तर जिवावर बेततो. कॉर्टिसॉल जास्त झालं तर चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, कातडी पातळ होते, बीपी आणि साखर दोन्ही चढतात. आपल्याकडे हे पुष्कळदा बाहेरून येतं. सांधेदुखीवर 'हमखास गुण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. घरातल्या आजीला अशी पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ॲड्रिनल झोपी जाते, आणि पुडी अचानक थांबवली तर ती लगेच जागी होत नाही.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की आपण कांडी चघळतो, खोकल्याच्या काढ्यात घालतो. चार दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. पण रोज, महिनोन्महिने घेतलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. ते विकर कॉर्टिसॉलला अल्डोस्टेरॉनच्या कुलपापासून दूर ठेवत असतं. ते थांबलं की कॉर्टिसॉलच ते कुलूप उघडत राहतं. बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, चित्र हुबेहूब कॉन सिंड्रोमचं, पण अल्डोस्टेरॉन मोजावं तर कमी. १९६८ मध्ये यावरही एक निबंध खुद्द कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला होता. त्यामुळे बीपीचा पेशंट आला की मी विचारतेच, "काढा वगैरे काही चालू आहे का?"

ताईंच्या दोन्ही ॲड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन जास्त येत होतं, म्हणून ऑपरेशन नाही. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाली, आधीच्या तीनपैकी दोन गोळ्या सुटल्या. बीपी आता १३० च्या आसपास असतं. पोटऱ्यांतले गोळे गेले. लोणच्याची फोड अजूनही त्या जपूनच खातात, कारण या आजारात मीठ जास्त झालं की नुकसानही जास्त होतं.

मागच्या महिन्यात पोटॅशियम तपासायला आल्या तेव्हा सोबत धाकटा भाऊ होता. २९ वर्षांचा, टेम्पो चालवतो. लायसन्सच्या वेळी बीपी १५०/१०० निघालं होतं आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की दवाखान्यात घाबरल्यामुळे वाढलं असेल. ताईंनी मॅडमची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. अल्डोस्टेरॉन, रेनिन, पोटॅशियम.

"उद्या ये," मी त्याला म्हटलं. "सहाला ऊठ, आठला इथे पोहोच. आज मीठ सोडू नकोस."

"आणि बर्फ नको," ताई म्हणाल्या.